टायर फुटला, म्हणे!

परवा सकाळी चहा घेता घेता पेपर उघडला आणि आतल्या पानावर पुन्हा तेच वाक्य दिसलं. "टायर फुटल्याने कार उलटली." गेली चाळीस वर्षं हे वाक्य वाचतोय. गाव बदलतं, गाडी बदलते, मेलेल्यांचा आकडा बदलतो, वाक्य मात्र तेच.

आता छत्तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे वाक्य दिसलं की त्यातला कर्ता शोधायची खोड लागली आहे. निवृत्तीनंतरही जात नाही. "टायर फुटला" यात कर्ता कोण? टायर! फुटणारा तोच आणि दोषीही तोच. गाडीचा मालक, चालवणारा, हवा भरणारा, घासलेला टायर फिरवून देणारा, हे सगळे वाक्याच्या बाहेर हात झटकून उभे. टायर झिजला, हवा गेली, गाडी घसरली... आपल्या मराठीत अकर्मक क्रियापदांची चांगली सोय आहे. कुणी काही केलंच नाही, सगळं आपोआप झालं!

माझं म्हणणं साधं आहे. टायर एका बाजूनं झिजतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो, आणि एका दिवसात नव्हे, महिनोन्‌महिने सांगत असतो. आपण ते वाचत नाही. वाचलं तर टायर बदलतो आणि कारण तसंच ठेवतो. या निष्काळजीपणाला नशीब म्हणायचं आपण बंद केलं पाहिजे. आधी माझा स्वतःचा गुन्हा कबूल करतो, मग दुसऱ्यांवर घसरतो.

आम्ही लाखनीचे. निवृत्तीच्या पैशातून काही वर्षांनी एक लहान जुनी गाडी घेतली. लग्नकार्य, दवाखाना, नागपूरला मुलाकडे जाणं, एवढाच वापर. 2024 च्या एप्रिलमध्ये हवा भरायला गेलो तेव्हा दुकानातल्या पोरानं खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "गुरुजी, पुढचा डावा टायर आतून घासला हाये. मागं टाकून देतो, चालते अजून वर्षभर." मी म्हटलं, टाक. दहा मिनिटांत काम झालं. मागचा पुढे, पुढचा मागे. मीही खूश, पैसे वाचले! टायर आतूनच का घासला, हे त्यानं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. आयुष्यभर पोरांना "का?" विचारायला शिकवणारा मास्तर मी!

जुलैत नागपूरहून परत येत होतो. सौ. शेजारी, नातू मागच्या सीटवर झोपलेला. मौद्याच्या आसपास धो धो पाऊस लागला. वेग काही फार नव्हता, साठ-पासष्ट असेल. पुढच्या गाडीनं ब्रेक मारला म्हणून मीही ब्रेक दाबला, आणि गाडीचं मागचं अंग एकदम उजवीकडे सुटलं. स्टिअरिंग माझ्या हातात होतं पण गाडी माझी राहिली नव्हती. आम्ही रस्त्यावर आडवे थांबलो. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं कशी गाडी आवरली ते त्यालाच ठाऊक. त्यानं शिव्या दिल्या नाहीत, नुसता खाली उतरला, आमच्या मागच्या चाकाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाबूजी, हे चाक पाहिलं काय कधी?"

नाही पाहिलं. बाहेरून टायरवर नक्षी होती, चांगली दिसत होती. आतल्या बोटभर पट्टीत मात्र रबर संपून धाग्यांची जाळी दिसत होती. नातू डोळे चोळत विचारत होता, "आजोबा, घर आलं का?"

त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दोन नवे टायर घ्यायला निघालो. पण या वेळी "का?" विचारायचं ठरवलं होतं. भंडाऱ्याला एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं गाडी वर घेतली, पुढचं डावं चाक दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, खाली टॉर्च मारला आणि सांगितलं, की लोअर आर्मचा बुश संपला आहे. चाक सरळ उभं राहतच नाही, चालताना तिरपं होतं आणि आतली कड रस्त्यावर फरफटत जाते. मग त्यानं एप्रिलमध्ये मागून पुढे आणलेल्या टायरवरून माझा हात फिरवला. तीन-साडेतीन महिन्यांत त्याचीही आतली कड खायला सुरुवात झाली होती! म्हणजे मी दुखणं तसंच ठेवून त्याला दुसरा टायर चारला, आणि अर्धमेला टायर मागे लपवला. ओल्या रस्त्यावर मागच्या चाकांची पकड सुटली की गाडी गरकन फिरते. पुढची सुटली तर ती सरळ जाते, वेग कमी केला तर निदान सावरायला थोडी संधी मिळते. म्हणून तर टायर बनवणारे सांगतात, की दोनच नवे घेणार असाल तर ते मागे बसवा. आपल्याकडे उलटं चालतं. नवे पुढे, घासलेले मागे. मागचं कुणाला दिसतं?

बुश, मजुरी आणि अलाइनमेंट मिळून त्या दिवशी माझा जो खर्च झाला, तो एका टायरच्या किमतीपेक्षा कमी होता.

मला तेव्हा वडील आठवले. ते शेतकरी, चौथी शिकलेले. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असायची. ती एका बाजूनं जास्त चकाकायला लागली की ते नवी धाव चढवायला लोहाराकडे पळत नसत. आधी गाडी टेकवून आख पाहत, तुंबा ढिला झाला का पाहत, वंगण पाहत. "धावेचा दोष नाही, आख वाकला हाये," म्हणत. त्यांना चाक वाचता येत होतं. बीए झालेल्या त्यांच्या मुलाला आलं नाही.

वाचायला अवघड आहे का? मुळीच नाही. पाचवीच्या पोराला एका तासात शिकवता येईल.

टायर मधोमध झिजला आणि दोन्ही कडा चांगल्या असतील, तर हवा जास्त राहते आहे. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्ये नक्षी शाबूत असेल, तर हवा कमी राहते आहे. एकच कड झिजली, आतली किंवा बाहेरची, तर चाकाचा कोन बिघडला आहे. चाक वरून आत किंवा बाहेर झुकलं आहे, त्याला कॅम्बर म्हणतात. किंवा दोन्ही चाकांचे पुढचे तोंड एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून दूर वळलं आहे, त्याला टो म्हणतात. टो बिघडला की टायरवरून तळहात आडवा फिरवून बघा. एका दिशेनं गुळगुळीत लागतो, उलट्या दिशेनं करवतीसारखा बोचतो. टायरवर ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील तर शॉकअप संपलेत किंवा चाकाचं बॅलन्सिंग गेलं आहे. चाक रस्त्यावर चालत नाही, उड्या मारत जातं. एकाच जागी चपटा डाग असेल तर कधीतरी करकचून ब्रेक मारून चाक जाम केलेलं आहे.

एवढंच. सहा ओळींचं व्याकरण! पण आपण दहावीला जेवढं गणित घोकतो त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकंही हे कुणी शिकवत नाही.

आता दुसऱ्यांवर घसरतो.

पहिला नंबर आपल्या विदर्भातल्या एका लाडक्या समजुतीचा. "उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाही तर टायर फुटते." हे मी मे महिन्यात किमान वीस जणांकडून ऐकलं असेल. त्यात ड्रायव्हर आले, डॉक्टर आले, विज्ञान शिकवणारे माझे सहकारीसुद्धा आले. पारा 45 च्या वर गेला की लोक सुईनं हवा सोडतात आणि सुरक्षित झाल्याच्या आनंदात शंभरच्या वेगानं निघतात. अहो, हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त दबते आणि पुन्हा फुगते. लोखंडाची तार सारखी वाकवून सरळ केली की गरम होते ना, तसंच. टायर आतून तापतो, थर सुटायला लागतात, आणि मग तो फुटतो. म्हणजे फुटू नये म्हणून जे करतो, त्यानंच तो फुटायची तयारी होते! दोन्ही कडा झिजलेले टायर उन्हाळ्यानंतर आपल्याकडे इतके का दिसतात, याचं उत्तर त्या सुईत आहे.

हवा मोजायची ती गार टायरची, सकाळी, गाडी फिरवण्याआधी. तापमान दहा अंश वाढलं की साधारण दीड पीएसआय वाढतो, धावून आलेल्या गाडीत तीसचे चौतीस सहज होतात. ते गृहीत धरूनच कंपनीनं आकडा दिलेला असतो. तो वाढलेला आकडा बघून हवा सोडायची नसते. आणि आकडा कुठला? ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो तो, किंवा गाडीच्या पुस्तकातला. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. काही जण तोच भरतात आणि मग मधोमध टक्कल पडतं.

नायट्रोजनचं वेड त्यातलंच. "आमच्यात नायट्रोजन आहे, बघावं लागत नाही." साध्या हवेतसुद्धा 78 टक्के नायट्रोजनच असतो. भरणाऱ्याला भरू द्या, पण बघावं लागतंच!

दुसरा नंबर "रस्तेच तसे आहेत" म्हणणाऱ्यांचा. या मंडळींशी माझं अर्धं जमतं. रस्ते वाईट आहेत, यात वाद नाही. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर लोखंडी केजव्हीलसकट डांबरावरून जातात आणि रस्त्याला जखमा करतात. वैनगंगेची रेती भरलेल्या टिप्परांनी आतल्या रस्त्यांचं काय केलंय ते सगळ्यांना दिसतं. आमच्याकडचे तालुक्याचे रस्ते अरुंद, समोरून ट्रक आला की डावं चाक डांबराच्या कडेवरून साइडपट्टीवर उतरवावं लागतं आणि पुन्हा आदळून वर घ्यावं लागतं. माझा डावाच बुश आधी का गेला, हे सांगायला ज्योतिषी नको. ज्यांच्याकडे रस्ते आहेत त्यांनी त्याचं उत्तर द्यायलाच हवं.

पण रस्त्यानं चाक तिरपं केलं, इथवर दोष रस्त्याचा. तिरप्या चाकावर मी आठ-दहा हजार किलोमीटर फिरलो आणि एकदाही वाकून पाहिलं नाही, याचा दोष रस्त्यावर कसा टाकू? उलट रस्ता वाईट असेल तर लवकर तपासायला हवं. शाळेचं पाणी खराब आहे हे माहीत असताना आई पोराला उकळलेलं पाणी देते. "पाणीच खराब आहे" म्हणून हातावर हात ठेवून बसत नाही.

तिसरा नंबर दुकानांचा. सगळी दुकानं वाईट नाहीत, माझा भंडाऱ्याचा मिस्त्रीही दुकानदारच आहे. पण बऱ्याच ठिकाणी अलाइनमेंट म्हणजे चाकांना यंत्र लावायचं, पडद्यावर लाल-हिरवे आकडे दाखवायचे, दोन फिरक्या मारायच्या आणि पैसे घ्यायचे. बुश ढिला असेल, बॉल जॉइंट गेला असेल तर आकडे त्या घटकेपुरते हिरवे होतात आणि पहिल्या खड्ड्यात पुन्हा लाल. मोडक्या खुर्चीवर बसवून पोराला "ताठ बस" म्हणण्यासारखं आहे ते. बऱ्याच लहान गाड्यांत तर पुढच्या चाकाचा टोच तेवढा फिरवता येतो, कॅम्बर बदलायची सोयच नसते. कॅम्बर बिघडला असेल तर काहीतरी वाकलं किंवा झिजलं आहे, ते बदलावंच लागतं. म्हणून तीन गोष्टी मागा. यंत्र लावण्याआधी चाकं हलवून खालचे सांधे तपासा म्हणा. आधीचे आणि नंतरचे आकडे छापून द्या म्हणा. आणि "मागं टाकून देतो" असं कुणी म्हटलं तर विचारा, "का घासला ते आधी सांग."

टायरची अदलाबदल करणं चूक नाही, हेही सांगतो. बहुतेक लहान गाड्यांत पुढची चाकं गाडी ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा बराच भार घेतात, म्हणून ती लवकर झिजतात. आठ-दहा हजार किलोमीटरवर चाकांच्या जागा बदलल्या की चारही सारखे झिजतात. पण हे निरोगी टायरसाठी. आजारी टायर लपवायला नव्हे.

चौथा नंबर सरकारचा. कारच्या टायरची खाच निदान 1.6 मिलिमीटर खोल हवी, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. टायरच्या खाचांमध्येच ठिकठिकाणी रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. कायदा आहे, खूण आहे, बघणारा कोण? खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षं तपासणीच नाही. पीयूसीला धूर बघतात, विम्याला कागद बघतात. माझ्या लायसन्सच्या नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागला, ते योग्यच आहे. पण माझी नजर तपासणाऱ्या व्यवस्थेनं माझ्या चाकाकडे एकदाही पाहिलं नाही. पीयूसी काढताना चार चाकांची खाच मोजायला पाच मिनिटं लागतील. समृद्धी महामार्गावर अपघात वाढले तेव्हा 2023 मध्ये परिवहन विभागानं टायर तपासायला आणि घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. म्हणजे मनात आणलं तर जमतं. मग ते माणसं मेल्यावरच का जमावं?

त्याच महामार्गावर 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस पेटली आणि 25 माणसं गेली. चालकानं काय सांगितलं? टायर फुटला. नंतर परिवहन विभागाच्या तपासणीत टायर फुटल्याची खूण मिळाली नाही. म्हणजे बघा, हे वाक्य आपल्या तोंडात किती बसलंय! टायर फुटो न फुटो, आधी त्याचं नाव घ्यायचं. तो काही उलटून बोलत नाही.

आणि खरोखर फुटला तरी? 25 ऑक्टोबर 2010 ला पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या एका कारचा टायर फुटून ती दरीत गेली आणि 38 वर्षांचा एक घरचा कर्ता माणूस गेला. न्यायाधिकरणानं कुटुंबाला सव्वा कोटीच्या आसपास भरपाई द्यायला सांगितली. विमा कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. म्हणाली, टायर फुटणं ही दैवी करणी आहे. 2023 मध्ये न्यायमूर्ती दिगे यांनी ते फेटाळलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की दैवी आपत्ती म्हणजे माणसाच्या आवाक्याबाहेरची नैसर्गिक घटना. टायर फुटतो तो वेगामुळे, कमी किंवा जास्त हवेमुळे, जुन्या टायरमुळे, तापमानामुळे. निघण्याआधी तो तपासणं हे चालवणाऱ्याचं आणि मालकाचं काम आहे.

मला हा निकाल व्याकरणाच्या उत्तम धड्यासारखा वाटला. न्यायालयानं वाक्यातला हरवलेला कर्ता शोधून काढला!

"गुरुजी, वेळ कुणाला आहे?" असं मला विचारतात. मी वयाची सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे कुरकुरतात, खाली बसता येत नाही. तरी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी एवढं करतो. चारही चाकांची आणि स्टेपनीची हवा मोजतो. त्यासाठी लहान गेज घेऊन ठेवला आहे. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं की पुढच्या टायरची आतली कड उभ्यानं दिसते, मग दुसऱ्या बाजूला. मागच्यासाठी मोबाईल आत धरून फोटो काढतो आणि चष्मा लावून बघतो. तळहात फिरवतो. टायरच्या बाजूवरचे चार आकडेही एकदा वाचून ठेवलेत, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 2319 असेल तर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. सगळं मिळून पंधरा मिनिटं. दाढीला मला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

नातू सुटीत आला की तोही येतो. मागच्या दिवाळीत शेजाऱ्यांच्या गाडीवरून त्यानं हात फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, तुमचा टायर बाहेरून झिजलाय. का?"

काकांना जरा राग आला. पण चार दिवसांनी ते गाडी घेऊन भंडाऱ्याला त्या मिस्त्रीकडे जाऊन आले. टायरॉड वाकला होता म्हणे.

असो. फार झालं, शाळेची सवय आहे. उद्या सकाळी गाडी काढण्याआधी एकदा वाकून आतली बाजू बघा, एवढीच विनंती.